विश्लेषण : ओढणी तिची, दस्ती त्याची… दोघांच्या गळ्यात एकच वस्त्र का नको?

मार्च उजाडला, की लातूर-उमरगा पट्ट्यातल्या रस्त्यांवर चेहरे दिसेनासे होतात. किल्लारीच्या चौकातून स्कूटीवर निघालेल्या मुलीने डोके, कान, तोंड स्कार्फने घट्ट बांधलेले असते, फक्त डोळे उघडे. मागून मोटारसायकलवर येणाऱ्या तरुणानेही तसेच तोंड बांधलेले असते. दोघांची गरज एकच आहे : ऊन, धूळ आणि घाम. बांधण्याची पद्धतही जवळपास एकच. तरीही दुकानात तिचे कापड ‘लेडीज स्कार्फ’च्या ढिगात असते आणि त्याचे ‘जेन्ट्स रुमाल’च्या. कपड्यांच्या जगात सध्या ‘युनिसेक्स’, म्हणजे बाई-पुरुष असा भेद न करणाऱ्या वस्त्रांची चर्चा आहे. त्यात गळ्यातले वस्त्र सर्वात सोपे मानले जाते, कारण त्याला ना माप लागते ना बाही. प्रत्यक्षात ते इतके सोपे आहे का, आणि किल्लारीसारख्या गावाचा या चर्चेशी काय संबंध?

गळ्यातले वस्त्र लिंगनिरपेक्ष म्हणजे नेमके काय?

शर्ट, पँट, ब्लाऊज शिवताना खांदा, छाती, कंबर अशी मापे घ्यावी लागतात. शर्टाची बटणेही पुरुषांसाठी एका बाजूला आणि स्त्रियांसाठी दुसऱ्या बाजूला लावण्याची रीत आहे. गळ्यात घालायच्या कापडाला यातले काहीच नसते. ते आयताकृती किंवा चौकोनी असते आणि कोणाच्याही गळ्यात बसते. म्हणूनच त्यातला भेद शरीराने आणलेला नाही, तो रंग, लांबी, काठ आणि नाव यांनी आणला आहे. उपरणे, दस्ती, गमछा, मफलर आणि टाय पुरुषांच्या वाट्याला आले. ओढणी, दुपट्टा आणि स्कार्फ स्त्रियांच्या.

लिंगनिरपेक्ष वस्त्र म्हणजे हे भेद काढून टाकलेले वस्त्र, अशी सोपी व्याख्या केली जाते. पण गुलाबी रंग काढून राखाडी केला, एवढ्याने काम भागत नाही. ते वस्त्र कशासाठी आहे, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर ओढणी आणि दस्ती शेजारी शेजारी ठेवून पाहिले की मिळते.

ओढणी आणि दस्तीत फरक कोणता?

मराठवाड्यात हातरुमालाला आणि खांद्यावरच्या लहान कापडालाही दस्ती म्हणतात. कर्नाटकाच्या सीमेलगत जुन्या माणसांच्या बोलण्यात ‘रुमाल’ म्हणजे डोक्याला गुंडाळायचा पटका. या सगळ्या पुरुषी कापडांत एक समान गोष्ट आहे, ती म्हणजे ती कामाची आहेत. घाम पुसणे, डोक्याला बांधणे, झाडाखाली अंथरणे, भाकरी बांधून नेणे, पाण्यात भिजवून मानेवर ठेवणे, अशी दहा कामे त्यातून होतात. त्यामुळे ती सुती, जाड, पाणी शोषणारी आणि आटोपशीर असतात. गमछ्याची लांबी साधारण दीड ते पावणेदोन मीटर असते.

ओढणीचे गणित वेगळे आहे. ती साधारण सव्वादोन ते अडीच मीटर लांब, तलम आणि बहुतेकदा कृत्रिम धाग्याची असते. घाम तिच्यात मुरत नाही. तिची पहिली जबाबदारी अंग झाकण्याची. अनेक शाळांत वरच्या वर्गातील मुलींच्या गणवेशात ओढणी असते आणि ती दोन्ही खांद्यांवर पिना लावून ठेवावी लागते. त्याच वर्गातल्या मुलाच्या गळ्यात काही असलेच पाहिजे, असा नियम क्वचितच असतो.

थोडक्यात, पुरुषाच्या गळ्यातले कापड त्याच्या कामासाठी आहे, तर स्त्रीच्या गळ्यातले लोकांच्या नजरेसाठी. शेतात राबणाऱ्या बायकांनी यावर स्वतःच तोड काढली आहे. कापूस वेचताना, सोयाबीन काढताना त्या घरातल्या पुरुषाचा टॉवेल किंवा दस्ती डोक्याला बांधतात. लिंगनिरपेक्ष वस्त्राचा प्रयोग मराठवाड्याच्या शिवारात असा रोज चाललेला असतो. त्याला कोणी ते नाव दिलेले नाही, इतकेच.

लांबीचा प्रश्न जिवावर का बेततो?

१४ सप्टेंबर १९२७ रोजी फ्रान्समधील नीस शहरात विख्यात नर्तिका इझाडोरा डंकन हिचा मृत्यू झाला. उघड्या मोटारीत बसलेली असताना तिच्या गळ्यातला लांब रेशमी स्कार्फ चाकात गुंतला. वैद्यकीय लिखाणात अशा अपघातांना पुढे तिच्याच नावाने ओळखले जाऊ लागले. भारतात ते मुख्यतः ओढणी आणि साडीच्या पदरामुळे होतात. मोटारसायकलचे मागचे चाक, रिक्षाचे चाक, पिठाची गिरणी, उसाच्या रसाचा चरक आणि मळणी यंत्र ही त्यांची नेहमीची ठिकाणे.

धोका ओळखून कायद्याने वाहनात बदल केला. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२३ नुसार मोटारसायकलला मागे बसणाऱ्यासाठी धरायला कडी, पाय ठेवायला जागा आणि मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारे आवरण आवश्यक आहे. मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत, हा त्यामागचा स्पष्ट हेतू. हेच ते ‘साडी गार्ड’. पण हौसेखातर ते काढून टाकलेल्या गाड्याही रस्त्यावर दिसतात आणि मळणी यंत्रासमोर तर साडी गार्ड नसतोच.

किल्लारीचा परिसर सोयाबीनचा आहे. ऑक्टोबरात काढणी सुरू झाली, की यंत्राजवळ पेंढ्या देण्याच्या कामावर स्त्रियाही असतात. यंत्राचा फिरता दांडा किंवा पट्टा कापडाचे टोक पकडतो, तेव्हा ते सोडवायला क्षणाचाही अवधी मिळत नाही. गळ्याला वेढा असेल तर तो फास होतो. म्हणूनच कापडाची लांबी केवळ आवडीचा विषय राहत नाही. ‘तिचे’ कापड ‘त्याच्या’ कापडापेक्षा हातभर लांब असण्याची किंमत तिला मोजावी लागते.

मराठवाड्याला ही कल्पना नवी आहे का?

स्त्री-पुरुषांच्या गळ्यात एकच खूण, ही कल्पना या भागाला नऊशे वर्षांपासून माहीत आहे. बाराव्या शतकात महात्मा बसवेश्वरांनी ज्या कल्याण नगरीत काम केले, ते आजचे बसवकल्याण बीदर जिल्ह्यात आहे आणि उमरग्याहून जवळ आहे. बहिणीला जो संस्कार मिळत नाही तो मला नको, असे सांगून बसवेश्वरांनी बालपणी मुंज नाकारली, अशी परंपरेत कथा आहे. जानवे फक्त पुरुषाच्या खांद्यावर येत होते. त्याच्या जागी आले इष्टलिंग. चांदीच्या छोट्या डबीत किंवा वस्त्रात ठेवलेले आणि शिवदाराने गळ्यात बांधलेले हे लिंग स्त्री आणि पुरुष दोघांनीही धारण करायचे असते.

यातली एक बाब विशेष आहे. मंगळसूत्र लग्नात गळ्यात येते आणि रूढीप्रमाणे पतीच्या निधनानंतर उतरवले जाते. इष्टलिंगाचा लग्नाशी किंवा वैधव्याशी संबंध नाही. ते ज्याचे त्याचे असते आणि मृत्यूपर्यंत सोबत राहते. बीड जिल्ह्यातील कपिलधारच्या मन्मथस्वामींनी हाच विचार मराठीतून पोहोचवला. किल्लारीसह लातूर-नांदेडच्या गावागावांत लिंगायत समाज मोठ्या संख्येने आहे.

वारकऱ्यांची तुळशीची माळही अशीच. माळ घालणारा पुरुष की स्त्री, यावर मण्यांचा आकार किंवा दोऱ्याची लांबी ठरत नाही. नांदेडच्या तख्त सचखंड श्री हजूर साहिब येथे सन्मान म्हणून गळ्यात घातला जाणारा केशरी सिरोपा स्त्री-पुरुष दोघांसाठी एकच असतो.

याउलट गावातला आहेर पाहा. लग्नकार्यात पुरुषाला टॉवेल-टोपी आणि स्त्रीला साडी-चोळी, ही वाटणी पक्की आहे. श्रद्धेच्या खुणांमध्ये गळा समान झाला, पण रोजच्या कापडात वेगळाच राहिला.

मग टाय पुरुषांचाच कसा झाला?

जगभरात ‘साहेबी’ समजला जाणारा टाय मुळात सैनिकांच्या गळ्यातला रुमाल होता. सतराव्या शतकात फ्रान्समध्ये लढायला आलेल्या क्रोएशियन सैनिकांच्या गळ्यातील कापडाची पॅरिसला भुरळ पडली आणि ‘क्रोआट’वरून ‘क्राव्हाट’ हा शब्द रूढ झाला. पुढे त्याचा टाय बनला. आजच्या टायची रचना, म्हणजे कापड तिरके कापून तीन तुकडे जोडण्याची पद्धत, १९२० च्या दशकात न्यूयॉर्कचे शिंपी जेसी लँग्सडॉर्फ यांनी आणली. तिरक्या कापामुळे गाठ सोडल्यावर टाय पुन्हा सरळ होतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शिकणाऱ्या, नोकरी करणाऱ्या आणि सायकल चालवणाऱ्या पाश्चात्त्य स्त्रियांनी टाय वापरायला सुरुवात केली होती. तरीही कार्यालयीन पोशाखात तो पुरुषांचीच खूण म्हणून राहिला.

भारतात मात्र भेद न करणारे गळ्यातले वस्त्र सरकारी नियमांतही सापडते. औसा किंवा निलंग्याच्या न्यायालयात गेले, तर वकील पुरुष असो वा स्त्री, गळ्यात पांढरा बँड सारखाच दिसतो. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत दोघांच्या बाकी पोशाखाचे पर्याय वेगळे आहेत, बँड मात्र दोघांनाही. शाळेत स्काऊट आणि गाईड दोघांच्याही गळ्यात स्कार्फ असतो. तो त्रिकोणी घडीचा असतो, कारण गरज पडली तर त्याचीच पट्टी किंवा मोडक्या हाताची झोळी करता येते. या दोन उदाहरणांत एक साम्य आहे. दोन्ही ठिकाणी वस्त्र व्यक्तीचे काम सांगते, ती बाई आहे की पुरुष हे सांगत नाही.

‘सर्वांसाठी’ म्हणजे पुरुषांचेच का?

हा आक्षेप गंभीर आहे. २०१६ मध्ये झारा या जागतिक ब्रँडने ‘अनजेंडर्ड’ नावाने कपडे आणले. त्यात मुख्यतः राखाडी, पांढरे, निळे टी-शर्ट, स्वेटशर्ट आणि जीन्स होते. पुरुषांचे सैल कपडे बाईला घातले, म्हणजे भेद मिटला का, अशी टीका त्यावर झाली. पुरुषाने काहीच स्वीकारले नाही, बदलली ती फक्त बाई, असा त्याचा अर्थ होतो.

गळ्यातल्या कापडाबाबतही हा धोका आहे. सगळ्यांना गमछा वाटून प्रश्न सुटणार नाही. दस्तीकडून घ्यायचे ते सूत, शोषकता आणि आटोपशीर लांबी. स्कार्फकडून घ्यायची ती चेहरा पूर्ण झाकण्याची रुंदी, हलकेपणा, रंगांची श्रीमंती आणि काठाची नजाकत. पुरुषालाही रंग आवडतो. फेट्याच्या गुलाबी रंगावरून मराठवाड्यात कोणी पुरुषाला हसत नाही. तोच रंग गळ्यात आला की मात्र ‘लेडीज’ ठरतो.

तृतीयपंथी व्यक्तींसाठी हा प्रश्न आणखी टोकदार आहे. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नाल्सा प्रकरणात त्यांची स्वतंत्र ओळख मान्य केली आणि पेहरावातून आपली लिंगओळख व्यक्त करणे हा अभिव्यक्तीचा भाग मानला. पण कापडाच्या दुकानातले ढीग दोनच आहेत. ज्याला यांपैकी एकाही ढिगाकडे जायचे नाही, त्याच्यासाठी तिसरा ढीग असण्यापेक्षा ढिगांवरच्या पाट्या जाणे अधिक उपयोगाचे.

किल्लारीसाठी असे वस्त्र बनवायचे तर…

रचना करताना पहिली अट हवामानाची. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीला टेकतो. पॉलिस्टरचा स्कार्फ स्वस्त असतो, पण तो घाम शोषत नाही आणि भिजवला तर थंडावाही टिकत नाही. साध्या विणीचे हलके सूत भिजवून मानेवर ठेवले, की पाण्याची वाफ होताना उष्णता निघून जाते.

दुसरी अट पाण्याची. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशा भागात रोज धुवावे लागणारे कापड तांब्याभर पाण्यात निघाले पाहिजे आणि लवकर वाळले पाहिजे. म्हणजे टॉवेलासारखे जाड कापड बाद. रंगही पक्का हवा. घामाबरोबर रंग उतरला, तर पांढऱ्या धोतराचे आणि साडीच्या पदराचे नुकसान ठरलेले.

तिसरी अट लांबीची. येथे चौकोन उपयोगी पडतो. एक मीटर लांब आणि तितकेच रुंद कापड कोपऱ्यावर दुमडले, की त्रिकोणाची लांब बाजू सुमारे १.४१ मीटर होते. डोक्याचा घेर साधारण ५५ ते ६० सेंटिमीटर असतो. एक वेढा देऊन गाठ मारल्यावर दोन्ही टोके जेमतेम खांद्यापर्यंत येतात. चेहरा झाकला जातो, पण चाकापर्यंत पोहोचेल असे काही लोंबत नाही. शिवाय मीटरभर पन्ह्याच्या कापडातून तुकडे काढताना काहीच वाया जात नाही.

मळणी यंत्राजवळ मात्र एकही मोकळे टोक नको. तिथे नळीसारखा शिवलेला, टोके नसलेला गळपट्टा अधिक सुरक्षित. दुचाकीस्वारांत तो आधीच लोकप्रिय आहे. पण तो डोक्यावरून ओढून घालावा लागतो. ज्या बाईच्या डोक्यावर अंबाडा आहे आणि कपाळावर कुंकू, तिला ते गैरसोयीचे. ज्याच्या डोक्यावर पटका आहे, त्या आजोबांनाही. तेव्हा नळी एका बाजूने उघडी ठेवून टिचबटण लावणे हा उपाय. बटण असे हवे, की जोराचा ओढा बसताच ते सुटावे. ओळखपत्राच्या काही दोऱ्यांना ओढ बसताच सुटणारी कडी असते, तेच तत्त्व.

चौथी अट गळ्यात आधीच असलेल्या गोष्टींची. मंगळसूत्राचे मणी, तुळशीची माळ, इष्टलिंगाची डबी आणि दाढीचे खुंट हे सगळे सैल विणीत अडकते. म्हणून वीण घट्ट आणि आतली शिवण सपाट हवी. शर्टाला कॉलर असते, साडीवरच्या ब्लाऊजला नसते. त्यामुळे कापडाची कड उघड्या मानेलाही टोचता कामा नये. हाताने दुमडून घातलेली बारीक शिवण इथे यंत्राच्या जाड ओव्हरलॉकपेक्षा चांगली.

पाचवी अट दिसण्याची. साडीला पदर असतो, म्हणजे एक टोक सजवलेले. लिंगनिरपेक्ष कापडाला चारही बाजूंनी सारखा बारीक काठ पुरतो. उलट-सुलट दोन्ही बाजूंनी ते सारखेच दिसावे, कारण घाईत कोणी बाजू बघत नाही.

रंगाचे काय?

मराठवाड्यात गळ्यातल्या कापडाचा रंग फक्त ‘तिचा की त्याचा’ एवढेच सांगत नाही. भगवा, निळा, हिरवा, पिवळा यांपैकी कोणताही रंग गळ्यात आला, की बघणारा पक्ष, समाज किंवा आंदोलन ओळखू पाहतो. सभेत वाटलेला गमछा दुसऱ्या दिवशी शेतात वापरला जातो हे खरे, पण बाजारात जाताना अनेक जण तो विचार करूनच गळ्यात घालतात.

त्यामुळे रोजच्या वापराच्या वस्त्रात चौकडी उपयोगी पडते. उभ्या-आडव्या दोन-तीन रंगांच्या धाग्यांत कोणताही एक रंग झेंड्यासारखा उठून दिसत नाही. कंबोडियातील ‘क्रामा’ हे चौकडीचे सुती कापड पुरुष, स्त्रिया आणि मुले सगळेच वापरतात. गळ्यात, डोक्याला, कमरेला, बाळाची झोळी म्हणूनही. आपल्याकडे आसामचा गामोसा पाहुण्याच्या गळ्यात घालताना पाहुणा पुरुष की स्त्री हे पाहिले जात नाही. २०२२ मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. गामोसा एका प्रदेशाची खूण झाला, पण एका लिंगाची झाला नाही.

कापड येणार कुठून?

यासाठी दूर जाण्याची गरज नाही. नांदेडची तलम मलमल एके काळी नावाजलेली होती. परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या नांदेड येथील कापूस संशोधन केंद्राने दिलेला ‘नांदेड-४४’ हा संकरित वाण बीटी कापूस येण्यापूर्वी शेतकऱ्यांच्या घराघरांत माहीत होता. आजही नांदेडची मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती देशाचा राष्ट्रध्वज तयार करते आणि त्यासाठीची खादी लातूर जिल्ह्यातील उदगीरच्या केंद्रात विणली जाते. ध्वजाच्या कापडाला धाग्यांची संख्या, वजन, ताकद आणि रंगाचा पक्केपणा यांचे काटेकोर निकष असतात. जो जिल्हा ध्वजाचे कापड विणू शकतो, त्याला गळ्यातल्या साध्या चौकोनाचे कापड विणणे अवघड नाही.

जोडीला शेजारचे सोलापूर आहे. तिथले यंत्रमाग टॉवेल आणि चादरींसाठी देशभर ओळखले जातात. स्वस्त माल हवा असेल तर तो तिथून मिळेल. उंची माल हवा असेल तर छत्रपती संभाजीनगरची हिमरू आहे. कापसाचा ताणा आणि रेशमाचा बाणा असलेले हे कापड एके काळी शेरवानीसाठी वापरले जाई. त्याच्या शाली आणि स्टोल आज स्त्री-पुरुष दोघेही घेतात. गावच्या सत्कारात बाईला एक आणि बुवाला दुसरे देण्याऐवजी दोघांना एकच उपरणे द्यायचे झाले, तर असा माल कामी येईल.

अडचण आहे ती खर्चाची. हातमागाची खादी पॉलिस्टरच्या स्कार्फशी भावात टक्कर देऊ शकत नाही. टपरीवर मिळणाऱ्या स्कार्फची किंमत हीच शेतमजुराची मर्यादा असते. त्यामुळे हातमागाचे कापड सत्कार, शाळा आणि कार्यालयांसाठी, तर यंत्रमागाचे सुती कापड शेत आणि रस्त्यासाठी, अशी विभागणी व्यवहार्य ठरते. शिवणकाम मात्र गावात होऊ शकते. चार कडा दुमडायला मोठे कौशल्य किंवा महागडे यंत्र लागत नाही. ज्या बचत गटांकडे शिलाई यंत्रे आहेत, त्यांच्यासाठी हे ब्लाऊज किंवा परकरापेक्षा सोपे काम आहे. मापाची कटकट नाही आणि न खपलेला माल जुना होण्याची भीतीही कमी.

या चर्चेत किल्लारीचा अनुभव काय सांगतो?

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेल्या भूकंपाने किल्लारीसह लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांतील ५२ गावे जमीनदोस्त केली. हजारो माणसे मेली. नंतर जागतिक बँकेच्या मदतीने मोठे पुनर्वसन झाले आणि जुन्या गावांपासून दूर नवी गावे उभी राहिली. सरळ रेषेतले रुंद रस्ते आणि एकसारखी घरे कागदावर नीटनेटकी होती. पण जुन्या गावातल्या गल्ल्या, वाडे, शेजार, शेताचे अंतर आणि बायकांच्या बसण्या-उठण्याच्या जागा त्या आखणीत हरवल्या, ही टीका अभ्यासकांनी वारंवार केली. राहणाऱ्याला पुरेसे न विचारता केलेली रचना कशी परकी वाटते, हे या भागाने घरांच्या रूपात पाहिले आहे.

याच काळात घरे दुरुस्त करून मजबूत करण्याच्या कार्यक्रमात मात्र वेगळा प्रयोग झाला. प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ संस्थेच्या पुढाकाराने गावोगावच्या महिला मंडळांतील स्त्रिया ‘संवाद साहाय्यक’ झाल्या. सरकार आणि घरमालक यांच्यामधला दुवा म्हणून त्यांनी काम केले. भिंत कशी बांधावी, कुठे मजबुती द्यावी, यावर बायका चारचौघांत बोलू लागल्या. त्यांतूनच पुढे बचत गटांचे जाळे विणले गेले.

गळ्यातल्या एका कापडाची घराशी बरोबरी होऊ शकत नाही. पण धडा तोच आहे. मुंबई-पुण्याच्या स्टुडिओत ठरलेला ‘युनिसेक्स’ स्टोल दोन मीटर लांब आणि झुळझुळीत असेल, तर तो छायाचित्रात चांगला दिसेल आणि मळणी यंत्रासमोर घातक ठरेल. अंबाडा, कुंकू, पटका, इष्टलिंग आणि साडी गार्ड नसलेली मोटारसायकल या गोष्टी ज्यांना रोज माहीत आहेत, त्यांना विचारूनच रचना व्हायला हवी.

विरोध होईल का? पुढे काय?

होऊ शकतो. ओढणी ही मर्यादेची खूण आहे, असे मानणारी घरे आहेत. मुलीने आखूड चौकोनी कापड घेतले, तर घरातूनच प्रश्न येईल. दुसरीकडे, अनेक मुलींना ओढणी आवडते. ती त्यांच्या हौसेचा भाग आहे. लिंगनिरपेक्ष वस्त्राचा अर्थ ओढणीवर बंदी असा होत नाही. सणावाराला, लग्नाला ओढणी राहील, पैठणीचा पदरही राहील. प्रश्न आहे तो सक्तीचा आणि कामाच्या जागेचा.

त्यामुळे बदलाची सुरुवात तीन ठिकाणी होऊ शकते. पहिले ठिकाण शाळा. गणवेशात गळ्यातले वस्त्र ठेवायचेच असेल, तर ते स्काऊट-गाईडच्या स्कार्फसारखे मुलामुलींना सारखे असावे, नाही तर कोणालाच नसावे. दुसरे, यंत्राजवळचे काम. मळणीच्या हंगामात मजुरांना, स्त्री असो वा पुरुष, मोकळे टोक नसलेला गळपट्टा यंत्रमालकाने द्यावा. हातमोज्याइतकीच ती सुरक्षेची वस्तू आहे. तिसरे, ग्रामपंचायतीचा सत्कार. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत स्त्रियांना निम्म्या जागा आहेत. सरपंच बाई असो वा पुरुष, दोघांच्या गळ्यात एकच उपरणे पडले, तर त्या पदाचा मान कोणाच्या लग्नावर किंवा वैधव्यावर अवलंबून नाही, हे गावासमोर स्पष्ट होईल. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मंगळसूत्र काढण्यासह विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हाही मुद्दा हाच होता : बाईच्या गळ्यात काय असावे, हे दुसऱ्याने का ठरवावे?

सध्या तरी किल्लारीच्या रस्त्यावरची स्कूटीवाली मुलगी आणि मोटारसायकलवाला तरुण आपापल्या ढिगातले कापड बांधून उन्हातून जात आहेत. चौकोन दोघांनाही पुरेल. फक्त तिच्या स्कार्फचे मागे उडणारे टोक हातभर आखूड व्हायला हवे आणि ते चाकापासून दूर राहायला हवे.